माराकेशचा गोंधळ

मंडळी, शीर्षक वाचून गैरसमज करून घेऊ नका. विमान चुकणं, पासपोर्ट हरवणं, सामान भलत्याच गावी जाणं हा गोंधळ आमच्या प्रत्येक प्रवासात ठरलेला आहे. तो लिहायला बसले तर या अंकाची सगळी पानं मलाच लागतील. हा गोंधळ वेगळा. संबळाचा, पोताचा, कुलाचाराचा. आणि तो मला भेटला कुठे, तर मोरोक्कोत, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, अर्ध्या चड्ड्या घातलेल्या पोरापोरींच्या घोळक्यात!

सुरुवात होते एका कॅसेटपासून. १९८४ च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. माझं माहेर बार्शीचं, कुलदैवत तुळजापूरची भवानी. लग्नानंतर घरात देवीचा गोंधळ घालायचा, हा आमच्याकडचा रिवाज. पुढच्या वर्षी आम्ही इंग्लंडला यायचं नक्की झालं होतं. तिकडे गेल्यावर हे पुन्हा कधी ऐकायला मिळणार, म्हणून मी शेजाऱ्यांचा नॅशनल पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि माजघराच्या खांबाशी ठेवून दिला. त्यात टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट.

त्या कॅसेटमधे काय नाही? गोंधळीबुवांचा संबळ आहे, त्यांच्या भावाचं तुणतुणं आहे, गावोगावच्या देवांना नावं घेऊन दिलेलं आवतण आहे. मधेच आमची आजी कुणावर तरी खेकसते, "अगं, पोताला तेल घाला!" वडील चहाची वर्दी देतात. भाऊ खोकतो. आता आजी नाही, वडील नाहीत, गोंधळीबुवाही नाहीत. तेहेतीस वर्षं ती कॅसेट मी देव्हाऱ्याच्या खणात ठेवली होती. दर नवरात्रात एकदा लावायची, पुन्हा ठेवून द्यायची. घरातल्या कुणी तिला हात लावायचा नाही.

आमचे चिरंजीव साउंड इंजिनियर आहेत. म्हणजे दिवसा लोकांच्या कार्यक्रमांचे माईक लावायचे आणि रात्री स्वतःच्या खोलीत कॉम्प्युटरवर संगीत करायचं. 'संगीत' हा त्याचा शब्द. ह्यांच्या मते बॉयलर बिघडल्यावर येतो तसा आवाज. २०१७ च्या दसऱ्याला मी त्याला म्हटलं, "कॅसेट जुनी झाली, फीत तुटायच्या आत कॉम्प्युटरवर उतरवून दे." त्याने आनंदाने दिली. पुढे काय होणार याची मला काय कल्पना!

आठवड्याभराने मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. वरच्या खोलीतून गोंधळीबुवांचा आवाज आला. देवीला घातलेली ती पहिली आरोळी, 'उदो!' मी पोळी तव्यावर टाकून ऐकायला लागले. पुन्हा 'उदो'. पुन्हा. पुन्हा. चार सेकंदांचा तुकडा कापून त्याने फिरवत ठेवला होता, आणि खाली धप्प धप्प ठोके. पोळी करपली. मी जिना चढून वर गेले आणि काय बोलले ते इथे छापण्याजोगं नाही.

"अगं आई, मी चेष्टा करत नाहीये. मला आवडलंय म्हणून घेतलंय."

"आवडलं म्हणून काय झालं? अरे, ती हाक आहे. देवीला बोलावणं आहे ते. शंभर वेळा बोलावतोस आणि एकदाही बसायला पाट देत नाहीस!"

तो गप्प झाला. मीही खाली आले. पण माझं वाक्य त्याच्या मनात राहिलं असावं, कारण पुढच्या उन्हाळ्यात त्याने दोन तिकिटं माझ्यापुढे ठेवली. "आई, माराकेशला चल माझ्याबरोबर. मी तुला समजावू शकत नाही. तिथे कदाचित दोघांनाही कळेल." ह्यांनी गुडघे पुढे करून अंग काढून घेतलं आणि माझी बॅग भरायला मात्र हौसेने मदत केली.

त्या उत्सवाचं नाव ॲटलास इलेक्ट्रॉनिक. २०१६ साली मोरोक्कोच्या आणि हॉलंडच्या काही तरुण मंडळींनी मिळून तो सुरू केला. वर्षातून एकदा, उन्हाळा संपता संपता, माराकेश शहराबाहेर तीन-चार दिवस तो भरायचा. कल्पना अशी, की युरोपातले डीजे आणि यंत्रवाले कलाकार आणायचे, मोरोक्कोतले त्याच प्रकारचं संगीत करणारे तरुण आणायचे आणि दोघांच्या बरोबरीने तिथल्या पारंपरिक वादकांना बसवायचं. आम्ही गेलो ते २०१८ च्या ऑगस्टच्या अखेरीस.

लंडनहून साडेतीन-चार तासांत माराकेश येतं. विमानाचं दार उघडलं आणि सोलापूरचा मे महिना तोंडावर आला. भिंती गेरूच्या रंगाच्या. रस्त्यावर गाढवगाड्या आणि मोपेडी एकाच घाईत. दुकानाबाहेर जिऱ्याचे, हळदीचे, तिखटाचे ढीग. आणि लिंबं! मिठात मुरवलेली अख्खी लिंबं बरण्यांतून रचून ठेवलेली, थेट आमच्या आजीच्या उपवासाच्या लोणच्यासारखी. मी तिथेच एक बरणी विकत घेतली. सात भाज्यांचा कुसकुस आणि पुदिन्याचा गोड चहा यांवर शाकाहारी माणसाचं उत्तम चालतं, हे जाणाऱ्यांच्या माहितीसाठी.

उत्सवाची जागा शहराबाहेर, खजुरीच्या आणि ऑलिव्हच्या झाडांत. मातीच्या भिंतींची घरं, मधे पोहण्याचा तलाव, एका बाजूला पायऱ्यापायऱ्यांचं उघडं नाट्यगृह. दारावरच्या रखवालदाराने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मरहबा, हाज्जा." चिरंजीवांनी खुलासा केला, की हज केलेल्या किंवा त्या वयाच्या बाईला आदराने असं म्हणतात. म्हणजे आपलं 'या आजी, बसा'. मला फार बरं वाटलं. इंग्लंडात तेहेतीस वर्षं काढली, पण दारावर कुणी छातीला हात लावून आत घेतलं नव्हतं.

आत मात्र पहिले दोन तास मी कानात कापूस घालून बसले होते. खोटं कशाला सांगू? तलावाकाठी पोरं नाचत होती आणि कर्णे पोटात गुद्दे मारत होते. माझ्या वयाची तिथे बहुधा मी एकटीच. एका डच मुलीने मला पाणी आणून दिलं आणि विचारलं, बरं वाटतंय ना? मी म्हटलं, अजून नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाडाखाली एक छोटी बैठक होती. सतरंजी, चहाची किटली, आणि समोर बसलेले एक मालेम. मालेम म्हणजे उस्ताद. ग्नावा संगीतातल्या गुरूला असं म्हणतात. त्यांचं वाद्य गेंब्री. एकाच ओंडक्यातून कोरलेलं, होडीसारखं लांबट, वर उंटाचं कातडं ताणलेलं, तीन तारा, त्याही धातूच्या नव्हे तर बकरीच्या आतड्याच्या. बोटं तात छेडतात आणि त्याच वेळी कातड्यावर थापही पडते. म्हणजे वीणा आणि डग्गा एकाच हाताखाली! दांड्याच्या टोकाला एक पत्रा, त्याला कड्या, त्या स्वराबरोबर झणझणतात. बाजूला दोन मुलगे लोखंडी क्राकेब घेऊन. आपल्या चिपळ्यांचे हे थोरले भाऊ. त्यांच्याविषयी तिकडे अशी समजूत आहे, की त्यांचा खणखणाट हा गुलामांच्या पायांतल्या बेड्यांचा आहे.

कारण ग्नावा ही मुळात गुलामांची परंपरा. १५९१ मधे मोरोक्कोच्या सुलतान अहमद अल मन्सूरच्या सैन्याने सहारा ओलांडून सोंघाईचं राज्य मोडलं. त्याच्या आधीही आणि नंतरही वाळवंटापलीकडून काळ्या माणसांना पकडून आणणं शेकडो वर्षं चाललं. पुढे मुलाय इस्माईल या सुलतानाने तर काळ्या शिपायांची मोठी फौजच उभी केली. या लोकांनी धर्म इस्लामचा घेतला, पण बांबारा, हौसा अशी आपली जुनी नावं गाण्यांतून जपून ठेवली. त्यांचा मानाचा पुरुष हजरत बिलाल. स्वतः गुलामगिरीतून सुटलेला आणि इस्लाममधला पहिला बांगी. ऐकताना मला आपल्या मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी आठवले. ते आले आफ्रिकेच्या दुसऱ्या बाजूने, समुद्रातून, आणि जंजिऱ्याला तर नबाब झाले. पण आफ्रिकेतून घराबाहेर निघालेल्या माणसांच्या वाटा कुठकुठे गेल्या बघा.

मालेम अरबीत बोलत, एक मुलगी फ्रेंचमधे सांगे आणि चिरंजीव शाळेतल्या फ्रेंचच्या जोरावर मला मराठीत. तिसऱ्या हाताची का होईना, माहिती मिळत होती. ते म्हणाले, आमची खरी पूजा म्हणजे 'लीला'. मी चपापलेच! पण अरबीत त्याचा अर्थ रात्र. ही लीला घरात होते, रात्रभर. कुणी आजारी असतं, कुणाला झपाटलेलं असतं, कुणाचा नवस असतो. आधी बाहेरून ढोल वाजवत मिरवणूक येते. मग पूर्वजांची आठवण करणारी नाच-गाणी. आणि मध्यरात्रीच्या सुमाराला धूप पेटतो, रंगीत वस्त्रं निघतात आणि 'मलूक' येतात. मलूक म्हणजे त्यांची दैवतं म्हणा, शक्ती म्हणा. सात रंग, प्रत्येक रंगाची वेगळी मंडळी, वेगळा धूप, वेगळी गाणी. समुद्राचा सीदी मूसा निळा, कत्तलखान्याचा सीदी हामू लाल, लल्ला मीरा पिवळी. ज्याच्या अंगात जो येतो, तो त्या रंगाच्या गाण्याला उठून घुमायला लागतो. आणि या सगळ्याची सूत्रं असतात एका बाईच्या हातात. तिला मुकद्दमा म्हणतात.

मी मनातल्या मनात हिशेब करत होते. रात्रभर? आपलंही रात्रभर. दैवतांना नावं घेऊन बोलावणं? आपलंही तेच. धुपाच्या जागी पोत. अंगात येणं आहे. एवढंच काय, त्यांच्या ढोलाला एक काठी सरळ आणि एक वाकडी. आपल्या संबळाची काठी तरी कुठे सरळ असते? मला राहवलं नाही. मी हात वर केला आणि चिरंजीवांना म्हटलं, "विचार त्यांना, देवाला बोलावण्याचं गाणं असं स्टेजवर, या पोरांच्या नाचात, चालतं का?"

प्रश्न तीन भाषांतून त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी गेंब्री आडवी ठेवली. उत्तर सावकाश आलं.

"सगळे मालेम सारखे नाहीत. काही जण सगळं वाजवतात. मी धूप लावून जे वाजवतो ते इथे वाजवत नाही. इथे मी पूर्वजांची गाणी वाजवतो, नाचाची वाजवतो. कारण एकदा एखाद्याला बोलावलं की त्याचं सगळं पुरं करावं लागतं. कुणी घुमत असेल तर त्याला मधेच सोडून वाजवणारा उठू शकत नाही. पहाट झाली तरी नाही. इथे मला पंचेचाळीस मिनिटं दिली आहेत. पंचेचाळीस मिनिटांत मी कुणाला बोलावू?"

मी चिरंजीवांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. बघ! मी तरी दुसरं काय म्हणत होते? पण मालेमचं बोलणं संपलं नव्हतं.

"पण यंत्रावर माझा राग नाही. माझ्या मुलाला यंत्र आवडतं. यंत्राला ऐकायला शिकवलं पाहिजे, एवढंच."

त्याचा अर्थ रात्री कळला. त्या पायऱ्यांच्या नाट्यगृहात हेच मालेम बसले, शेजारी युरोपातला एक तरुण. त्याच्यापुढे कपाटाएवढी पेटी, आणि तिच्यात वायरींचं असं जंजाळ की जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची आठवण यावी. चिरंजीव दुपारी त्यांच्या तालमीला जाऊन बसला होता. त्याने सांगितलं ते असं. आधी यंत्राने ठेका धरला आणि मालेमनी त्याबरोबर वाजवायचं असं ठरलं होतं. दोन मिनिटांत मालेम थांबले. कारण ग्नावांची लय कप्प्यांत बसत नाही. सहात मोजावी तर चाराकडे झुकते, चारात मोजावी तर सहाकडे पळते. आपल्याकडे एखादा ढोलकीवाला दादरा आणि केरवा यांच्या मधोमध झुलवतो ना, तसं. शिवाय गाणं संथ सुरू होतं आणि चढत चढत दुपटीला जातं. यंत्राचा ठोका मात्र सुरुवातीला जेवढा, शेवटीही तेवढाच. मग त्या तरुणाने सगळ्या वायरी उपसल्या, क्राकेबपुढे एक माईक ठेवला आणि यंत्राने आपला ठोका त्या लोखंडाच्या आवाजावरून घ्यायचा अशी रचना केली. आता पुढे मालेम, मागे यंत्र.

मंडळी, मी संगीतातली जाणकार नाही. पण त्या रात्री जे झालं ते सांगते. गेंब्री सुरू झाली आणि तिचा घुमारा त्या पोराने हळूच उचलून आभाळभर पसरवला. क्राकेब चढायला लागल्या. यंत्र धडपडत, अडखळत, पण मागे मागे येत होतं, बापाचं बोट धरून चालणाऱ्या पोरासारखं. खाली पोरं नाचत होती, पण आता तो गुद्द्यांवरचा नाच नव्हता. माझ्या कानातला कापूस कधी गळून पडला कळलं नाही. पंचेचाळीस मिनिटं झाली. मालेमनी शेवटचं गाणं पूर्ण केलं, हात छातीला लावले आणि उठून गेले. लोक 'आणखी, आणखी' ओरडत राहिले. ते परत आले नाहीत.

अशी सरमिसळ तिकडे नवीन नाही, हेही मला तिथेच कळलं. सत्तरच्या दशकात कासाब्लांकाच्या नास अल गिवान या गटाने ग्नावांची गेंब्री आणि बँजो एकत्र आणले आणि साऱ्या देशाला वेड लावलं. एस्सावीरा या समुद्राकाठच्या गावात १९९८ पासून ग्नावा संगीताचा मोठा उत्सव भरतो. तिथे जगभरचे जाझवाले मालेमांच्या शेजारी बसतात. त्याच गावचे महमूद गीनिया १९९४ साली अमेरिकन सॅक्सोफोनवाले फॅरो सँडर्स यांच्याबरोबर वाजले आणि २०१५ मधे, त्यांच्या निधनाच्या वर्षी, जेम्स होल्डन आणि फ्लोटिंग पॉइंट्स या इंग्लंडच्या दोन यंत्रवाल्यांबरोबरची त्यांची तबकडी निघाली. शेवटची ही माहिती चिरंजीवांची, आणि ती त्याने मला तीनदा सांगितली. २०१९ मधे युनेस्कोनेही ग्नावा परंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. एके काळी ज्यांना दारात कुणी विचारत नव्हतं, त्यांची ही गोष्ट.

परतीच्या विमानात चिरंजीव म्हणाला, "आई, तुझं बरोबर होतं. मी हाक कापली, तिला मागचं-पुढचं काही ठेवलं नाही." आईचं बरोबर होतं हे वाक्य तिसाव्या वर्षी मुलगा म्हणतो, याला भाग्य लागतं. पण मला त्याचा आनंद होईना. कारण मालेमचं ते वाक्य माझ्याही मानेवर बसलं होतं. बोलावलं की पुरं करावं लागतं. माझी कॅसेट नव्वद मिनिटांची. गोंधळ चालला होता रात्रभर. आवतण आहे, आख्यान अर्धं आहे, पहाटेची आरती कुठे आहे? टेपरेकॉर्डर मधेच 'टक' करून थांबला होता आणि मी पाहुण्यांची अंथरुणं घालायला गेले होते. म्हणजे तेहेतीस वर्षं दर नवरात्रात मीही बोलावणं लावत होते आणि आरती न करता बटण बंद करत होते. पोराने चार सेकंदांत जे केलं, ते मी नव्वद मिनिटांत केलं. फरक तो काय तेवढाच!

जानेवारी २०१९ मधे आम्ही दोघं बार्शीला गेलो. भावाने चौकशी करून ठेवली होती. गोंधळीबुवांचा नातू गावाबाहेरच्या नव्या वस्तीत राहतो. लग्नसराईत तो बँडमधे असतो. आणि काय वाजवतो? ऑक्टोपॅड! म्हणजे विजेवरचे आठ चौकोन, ज्यांतून ढोलकी, हलगी, संबळ वाटेल तो आवाज निघतो. मी माराकेशपर्यंत जाऊन ज्याचा विचार करत होते, ते बार्शीत आधीच नांदत होतं. आजोबांचा खरा संबळ भिंतीवर, कापडात गुंडाळून. गोंधळाचं बोलावणं आलं की उतरवतो म्हणाला, वर्षातून दहा-बारा वेळा.

मी माहेरवाशीण, म्हणून तो मला आत्या म्हणत होता. मी कॅसेटची गोष्ट सांगितली. आम्ही विचारायला आलोय, याचं काही केलं तर चालेल का, पैसे काय द्यायचे, असं चिरंजीवांनी घरी पाठ केलेलं सगळं मराठीत म्हणून दाखवलं. तो पुरतं ऐकून न घेता म्हणाला, "आत्या, म्हंजे त्यात आजोबा हायेत? आवाज हाय त्यांचा?"

त्याच्याकडे आजोबांचा एक फोटो होता. आवाज कुठेच नव्हता. त्याच्या जन्माआधीच ते गेले.

मंडळी, मला खरंच लाज वाटली. ही कॅसेट आपली आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आजी आमची, माजघर आमचं, टेपरेकॉर्डर आमचा. गाणाऱ्याच्या घरी त्याचा आवाज पोचवावा, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. भावाने जपून ठेवलेल्या जुन्या टू-इन-वनवर कॅसेट लावली. घरातली सगळी माणसं येऊन बसली. त्याची आई पदर तोंडाला लावून भिंतीशी उभी राहिली. तो डोळे मिटून मांडीवर बोटं वाजवत होता. मधेच म्हणाला, "हितं बघा, हितं आजोबा एक मात्रा खात्यात. चुकून न्हवं, मुद्दाम. बाबाबी असंच करायचे. मला वाटायचं बाबा चुकत्यात."

मग ते 'टक' आलं.

"पुढं?"

"पुढे नाही. तेवढीच होती कॅसेट."

तो थोडा वेळ बसून राहिला. मग उठला, भिंतीवरचा संबळ उतरवला. "मंग आरती राहिली की, आत्या." त्याच्या आईने दिवा लावला. चिरंजीवांनी खिशातून रेकॉर्डिंगचं यंत्र काढलं आणि विचारलं, "घेऊ का?"

"ही ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "दुसरं काय पायजे ते संध्याकाळी वाजवून देतो, दोन तास घ्या. ही तेवढी ऱ्हाऊ द्या."

चिरंजीवांनी यंत्र परत खिशात घातलं. मला माराकेशचे मालेम आठवले. पस्तीस वर्षांपूर्वीच्या गोंधळाची आरती त्या दिवशी झाली. दुपारचे सव्वाचार वाजले होते.

पुढे दोघांनी मिळून एक गाणं केलं. संबळ बार्शीचा, ऑक्टोपॅड बार्शीचा, वायरी आमच्या घरच्या. फोनवरून तुकडे इकडून तिकडे. नावं दोघांची आणि जे काही येईल ते निम्मं निम्मं. आजवर आलेल्या पैशांत तीन माणसांचा चहा होईल. आवतणाची ती आरोळी त्यात नाही. त्याने दिली नाही, यानेही मागितली नाही. २०१९ च्या नवरात्रात आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात ते वाजवलं. एका काकूंनी आवाज कमी करायला सांगितलं, एका काकांनी 'हे काय चाललंय' असं मोठ्याने विचारलं, आणि इथेच जन्मलेल्या, मराठी न बोलणाऱ्या दोन मुली उठून फेर धरून नाचल्या. कोण बरोबर, ते मी अजून ठरवलेलं नाही. पुढच्या वर्षी कोरोनाने सगळीकडचेच उत्सव बंद पाडले, तेव्हा त्या काकूंनीच फोन करून विचारलं, "ते तुमच्या मुलाचं धडामधुडुम काय होतं, ते पाठवता का?"

असो. कॅसेट आता बार्शीला आहे, संबळाशेजारी. माझ्याकडे तिची नक्कल आहे. दर नवरात्रात लावते आणि ती थांबली की स्वतः आरती म्हणते. ह्यांना झांज दिली आहे. ते एक मात्रा खातात. मुद्दाम नव्हे.

जाता जाता एक विनंती. तुमच्याही माळ्यावर कॅसेटींची खोकी असतील. लग्नातली, बारशाची, कुठल्याशा गावच्या जत्रेतली. फीत तुटायच्या आत ती उतरवून घ्या, हे तर सगळेच सांगतात. मी म्हणते, एकदा नीट ऐका, त्यात गाणारं कोण आहे ते आठवा, आणि त्यांच्या घरी कळवा. आपण जपून ठेवलं म्हणून ते आपलं होत नाही. तिकडे कुणीतरी 'पुढं?' म्हणून विचारायला बसलेलं असेल.